चिकोडे अण्णांची सहाशे पावलं

चिकोडे अण्णा माझ्या दारात पहिल्यांदा उभे राहिले ते सकाळी सात वाजता, धापा टाकत. अंगात बनियन, खाली लुंगी, एका हातात दुधाची पिशवी आणि दुसऱ्या हातात साबणाच्या डबीएवढी पत्र्याची पेटी. मी बंगळूरला येऊन चारच दिवस झाले होते. के. आर. पुरमची ती वरच्या मजल्यावरची दीड खोली मावशीच्या ओळखीनं मिळाली होती. घरमालक मराठी आहेत, मूळचे निपाणीकडचे आहेत, आणि खाली ते आणि त्यांची थोरली बहीण राहतात, एवढंच मला माहीत होतं.

"आत्ता मिक्सर लावलात काय तुम्ही?"

मी चटणी करत होते. मला वाटलं, आवाजाची तक्रार आली. पुण्यात मी अशा तक्रारींवरच वाढले असल्यामुळे उत्तर तयारच होतं. पण ते म्हणाले, "परत लावा की. स्वल्प लावा, एकदाच."

मी मिक्सर लावला. त्यांच्या हातातली पेटी किर्रर्र ओरडली. मिक्सर बंद केला, पेटी गप्प झाली. त्यांनी माझ्याकडून आणखी तीनदा मिक्सर लावून घेतला, तेवढ्यात माझ्या चटणीचं पाणी झालं.

"सापडला चोर," ते म्हणाले. "चार दिवस झाले, रोज दूध आणायला गेलो की ही वाजतेय. पळत येतोय, तर अक्का म्हणते, मी कुठं दाबलं?"

आणि ते निघून गेले. माफी नाही, आभार नाहीत. अर्ध्या तासानं वाटीभर चटणी घेऊन परत आले. "अक्कानं द्यायला सांगितलीय. तुमची बिघडली न्हवं आमच्यामुळं." चटणी त्यांनीच वाटली होती, पाट्यावर, कारण आता मिक्सरवर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

हळूहळू मला त्या पेटीचा उलगडा झाला. अण्णांची थोरली बहीण, कृष्णाक्का, सहा वर्षं अंथरुणावर होती. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेलेली. डाव्या हाताला सतत कंप, अंगठा तेवढा शाबूत. जीभ मात्र पूर्ण शाबूत, किंबहुना इतर अवयवांचं बळ तिच्यात गोळा झालं असावं असं वाटायचं. पाणी प्यायचं तरी कुणीतरी मानेखाली हात घालून उचलावं लागे, नाहीतर ठसका लागून जीव घाबरा होई. आई गेल्यावर याच अक्कानं ब्लाऊज शिवून शिवून अण्णांना शिकवलं होतं. अण्णा सरकारी कारखान्यात टेलिफोनची यंत्रं तपासायच्या खात्यात होते. अक्का पडल्यावर नोकरी मुदतीआधी सोडून घरी बसले. लग्न राहूनच गेलं होतं, ते मग राहिलंच.

अण्णा घरात असले की अक्का डाव्या हातानं खाटेच्या लोखंडी दांडीवर चमचा आपटायची. ते बाहेर असले की उशाशी ठेवलेलं बटण दाबायची. बटणाला एक छोटं रेडिओचं बोर्ड जोडलेलं होतं, आणि अण्णांच्या खिशातल्या पेटीत दुसरं. बटण दाबलं की पेटी वाजायची. फोनसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, आणि मोबाइल म्हणजे काय ते आम्हाला ठाऊकही नव्हतं. हे सगळं अण्णांनी घरी बनवलं होतं. तसा सरकारी परवानाही त्यांच्याकडे होता. तो त्यांनी फ्रेम करून देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावला होता.

ही पेटी जिथपर्यंत वाजेल तिथपर्यंत अण्णा जात. त्यापुढे नाही. हे अंतर ते पावलांत मोजत. दुधाचं बूथ एकशे चाळीस पावलं, मुनेश्वराचं देऊळ दोनशे साठ, पोस्ट चारशे दहा, आणि रेल्वे स्टेशनचा पहिला बाक सहाशे. मी राहायला आले तेव्हा पेटी देवळापर्यंत वाजत होती. मॅजेस्टिकच्या मोठ्या बसस्टँडला जायला कुठली बस, असं मी एकदा त्यांना विचारलं, तर म्हणाले, "ते मला विचारू नका. दोनशे साठच्या आतलं काय असलं तर विचारा."

हे ते हसत म्हणत. मी मात्र चिडायचे. मी स्वतः कंपनीच्या दोन वर्षांच्या बाँडवर सही करून बसले होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला दिवसाचे दहा तास संगणकासमोर काढत होते, आणि एकेक महिना कॅलेंडरवर खोडत होते. कुणी अडकून पडून वर हसतं याचा मला रागच यायचा. एकदा मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. "तुमचं बरं आहे बघा," ते म्हणाले. "तुमच्या बाँडावर तारीख हाय."

त्यांचं वर्कशॉप म्हणजे मागची खोली. शेजारीच अक्काची खोली, आणि दोन्ही खोल्यांच्या मागच्या खिडक्या रेल्वेच्या रुळांकडे उघडत. वर्कशॉपमध्ये सदैव राळेचा आणि तापलेल्या डाखणीचा, म्हणजे सोल्डरिंगच्या सळईचा, वास. अण्णांच्या शर्टाच्या खिशात व्होल्ट मोजायचा मीटर, त्याच्या लाल-काळ्या तारा बाहेर लोंबत. येणाऱ्याजाणाऱ्याच्या टॉर्चचे सेल मोजून द्यायची त्यांना सवय होती. पोस्टमनची टॉर्च, किराणावाल्याचं घड्याळ, माझा ट्रान्झिस्टर, काही सुटायचं नाही. आणि मोजायची त्यांची एक रीत होती. सेल नुसता मीटरला लावून ते कधीही बघत नसत. टॉर्च लावून, दिवा पेटलेला असताना बघत.

"बोलताना मोजा," हे त्यांचं लाडकं वाक्य. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा त्यांनी एकदा दाखवलं. लहानसा चौकोनी नऊ व्होल्टचा सेल घेतला. मीटर लावला, काटा बरोबर नवावर. मग तो रेडिओच्या बोर्डाला जोडून बटण दाबलं. काटा सहावर कोसळला.

"बघितलंत? रेडिओ गप्प बसलेला असतोय तवर त्याला काय लागत न्हाई. बोलायला तोंड उघडलं की एका क्षणात भसकन करंट मागतोय. तेवढा मिळाला न्हाई की मुका होतोय. लोक रेडिओला शिव्या देतात. रेडिओ गरीब असतोय हो. दोष पुरवठ्यात असतोय."

"मग करायचं काय?"

"आपल्याकडं नळाला पाणी येतंय एक दिवसाआड. म्हणून काय आपण स्वयंपाक एक दिवसाआड करतोय? चुलीजवळ हंडा भरून ठेवतोय न्हवं? तसा हंडा रेडिओजवळ ठेवायचा." त्यांनी करंगळीएवढा एक कपॅसिटर दाखवला. "हा हंडा. आणि जवळ म्हणजे जवळ, बोर्डाला चिकटून. हंडा परसात ठेवला तर चुलीला काय उपयोग?"

गल्लीतून जाणारे लोक फाटकाशी थांबून विचारायचे, "अण्णा, चेन्नागिद्दीरा?" बरे आहात ना? अण्णा तोंड भरून हसायचे आणि बरा आहे म्हणायचे. एकदा असं कुणी तरी विचारून गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "तुम्ही नेहमीच बरे कसे असता?" ते डाखणीवरून मान न उचलता म्हणाले, "रिकामं असताना सगळेच नऊ व्होल्ट दाखवतात, रोहिणीबाई."

मी त्यांची सामान आणणारी झाले. शनिवारी सुट्टी असली की ते चिठ्ठी लिहून देत आणि मी सदर पत्रप्पा रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून त्यांचे कपॅसिटर, तारा, सेलचे डबे घेऊन येत असे. दुकानाचा पत्ता ते तपशिलानं सांगत. तिसऱ्या गल्लीत शिरायचं, छत्रीवाला दिसला की त्याच्या शेजारचं दुकान. छत्रीवाला काही मला सापडेना. चौकशी केली तेव्हा कळलं, तो पाच वर्षांपूर्वीच दुकान विकून गावी गेला. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता तिथं काय हाय?" मी म्हटलं, कॅसेटचं दुकान. पुढच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं होतं, 'कॅसेटवाल्याशेजारी'.

इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये त्यांचं नाव होतं. एकदा चौघं जण रिमोटवर चालणारी बोट घेऊन आले. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी केलेली, हातभर लांब, वर झेंडा लावलेला. टेबलावर झकास चालायची आणि बेळ्ळंदूरच्या तळ्यात सोडली की मध्यावर जाऊन बंद पडायची. दोनदा पोहून आणावी लागली होती, आणि त्या तळ्यात पोहणं ही काही सुखाची गोष्ट नव्हती. मुलांचं म्हणणं, रेडिओ बदलायला हवा. अण्णांनी रेडिओकडे बघितलंच नाही. अंगणात कपडे भिजवायचं मोठं घमेलं भरून ठेवलं, त्यात बोट सोडली, आणि पंखा पाण्यात फिरत असताना मीटर लावला. मोटर आणि रेडिओ एकाच सेलवर जेवत होते. मोटर खादाड. पाणी कापायला लागली की सगळं तीच ओढून घ्यायची आणि रेडिओ उपाशी मरायचा. अण्णांनी रेडिओला वेगळे सेल दिले, तारा आखूड आणि जाड केल्या, जवळ हंडा बसवला. तासाभराचं काम.

मुलं खूश झाली. "अण्णा, उद्या तळ्यावर चला. तुमच्यासमोर पहिली फेरी."

"किती पावलं?" अण्णांनी विचारलं. मुलांना वाटलं, अण्णा थट्टा करताहेत. ती हसली, अण्णाही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाठवलं. मी बस बदलत बेळ्ळंदूरला गेले. तेव्हा तिकडे तळं, भाताची शेतं आणि म्हशी, एवढंच होतं. बोट सुटली, मध्यावर गेली, वळली आणि परत आली. मी घरी येऊन सांगितलं. अण्णांना तेवढ्यानं भागेना. वळताना कितपत कलली? झेंडा ओला झाला काय? वारा कुठून होता? मी जमेल तेवढं सांगत राहिले आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. मला त्या दिवशी त्यांची कीव आली, आणि कीव आली याची लाजही वाटली.

त्यानंतरच केव्हातरी त्यांनी मनावर घेतलं, की पेटी स्टेशनपर्यंत वाजली पाहिजे. स्टेशनवर त्यांचं काही काम नव्हतं. फक्त बाकावर बसून एक कॉफी प्यायची होती. "सहा वर्षं झाली," ते म्हणाले, "मी दुसऱ्यानं केलेली कॉफी प्यालो न्हाई."

सहाशे पावलांसाठी रेडिओला मोठ्यानं बोलावं लागणार, आणि मोठ्यानं बोलायचं तर खायलाही तसंच लागणार. भिंतीतल्या विजेवर त्यांचा भरवसा नव्हता. मिक्सरवाल्या प्रकारानं त्यांना शहाणं केलं होतं, शिवाय दिवसातून दोनदा करंट जायचा. म्हणून सहा मोठे सेल एका लाकडी पेटीत, तिथून वीतभर लांबीच्या जाड तारा, बोर्डाला चिकटून दोन हंडे. एरियलची तार माझ्या गच्चीवर, नेमकी कपडे वाळत घालायच्या दोरीला समांतर. एका रविवारी मी चुकून तिच्यावर ओला टॉवेल टाकला आणि पेटी पोस्टापर्यंतसुद्धा वाजेना. अण्णा रस्त्यावरून ओरडले, "रोहिणीबाई, तुमच्या टॉवेलानं माझी दोनशे पावलं खाल्ली."

चार महिने लागले. एक दिवस मी बटण दाबलं आणि ते स्टेशनच्या बाकावरून पळत, घामाघूम होऊन आले. "वाजली. स्वच्छ वाजली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. अक्काला पाणी पाजलं, पाय नीट केले, बटण अंगठ्याखाली दिलं. सात वाजून दहा मिनिटांनी बंगारपेटकडून बंगळूर सिटी स्टेशनला जाणारी पॅसेंजर येते, ती गेल्यावर ते परत आले. बाकावर वीस मिनिटं. चेहरा असा, की जणू काशीला जाऊन आलेत. "बाक तोच हाय," ते म्हणाले. "रंग निळा केलाय." मग ते रोज जाऊ लागले.

चौथ्या-पाचव्या दिवशी मी वाटी परत द्यायला खाली गेले. अण्णा स्टेशनवर होते. अक्काचे ओठ सुकलेले, कपाळावर घाम, खालची चादर ओली झालेली. बटण तिच्या हातात होतं आणि अंगठा मुद्दाम बाजूला धरलेला.

"अक्का, दाबा की."

"गप. गाडी आली न्हाई अजून."

"तहान लागलीय ना तुम्हाला?"

"लागू दे. मरत न्हाई मी तेवढ्यानं. आत्ता कुठं त्यानं कॉफी हातात घेतली असंल."

मी तिच्या मानेखाली हात घातला आणि पाणी पाजलं. चादर बदलली. आतापर्यंत तिनं कामाच्या बाईशिवाय आणि अण्णांशिवाय कुणाला हात लावू दिला नव्हता. मला लावू दिला, पण लगेच म्हणाली, "पोरी, विसूला सांगितलंस तर वरची खोली खाली करायची." विसू म्हणजे अण्णा.

तेव्हापासून मी रोज पावणेसातला खाली जायला लागले. अण्णांची पाठ फाटकाबाहेर गेली की मी जिना उतरायचे, अक्काला पाणी द्यायचे, हवं नको बघायचे, आणि पॅसेंजरचा भोंगा वाजला की वर पळायचे. अक्काला त्या चोरीची गंमत वाटायची. मला तिचा धाकही वाटायचा आणि आता लळाही लागला होता.

पण अण्णा तपासनीस माणूस. दोन महिने झाले आणि पेटी स्टेशनवर एकदाही वाजली नाही. पूर्वी दूध आणायला गेलं तरी दोन दिवसांतून एकदा वाजायची. जी घंटा वाजतच नाही ती बिघडलेली असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला, आणि बिघाड अर्थातच पुरवठ्यात. त्यांनी स्टेशन बंद केलं. तीन आठवडे रोज सकाळी पेटी उघडून बसले. हंडे बदलले, तारा बदलल्या, बटण हलकं केलं. मी दाबून बघितलं, वाजली. कामाच्या बाईनं दाबलं, वाजली. "तुम्ही दाबता तेव्हा वाजते," ते म्हणायचे. "अक्का दाबत असणार, तेव्हाच वाजत न्हाई. कुठंतरी करंट कमी पडतोय." अक्का पलीकडच्या खोलीत छताकडे बघत पडलेली असायची.

शेवटी मी तिला सुनावलं. "अक्का, तुमच्या चांगुलपणानं अण्णांची कॉफी गेली."

ती दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "सरी, बरं. गाडी गेली की दाबते रोज. मग तर झालं?"

अण्णांनी पुन्हा शर्ट घातला. पॅसेंजर गेली, अक्कानं बटण टचकन दाबून सोडलं, आणि अण्णा धावत आले ते आनंदानं लाल होऊन. "वाजली! बाकावर वाजली! काय पायजे अक्का?"

"पाणी," अक्का गंभीरपणे म्हणाली. दहा मिनिटांपूर्वी मी पाजलेल्या पाण्यावर तिनं आणखी एक पेला पाणी घेतलं. असं मग रोजच चालू झालं.

माझा बाँड संपला तेव्हा दिवाळी होऊन चार महिने झाले होते. पुण्यात नोकरी ठरली. निघायच्या सकाळी पॅसेंजरनं सिटी स्टेशनला जाऊन तिथून पुण्याची गाडी धरायची होती. अण्णा म्हणाले, मी येतो बॅग घेऊन, तसंही मी जातोच. मी अक्काच्या पाया पडले. तिनं डाव्या हाताचा कापरा अंगठा माझ्या गालाला लावला. मी कानाशी वाकून म्हटलं, "अक्का, आता मी वर नाही. तहान लागली तर दाबायचं."

"जा," ती म्हणाली. "गाडी चुकंल."

निळ्या बाकावर आम्ही बसलो. अण्णांनी दोन कॉफी घेतल्या, काचेच्या ग्लासांत. गाडीला दहा मिनिटं होती. मला राहवेना. इतके महिने पोटात ठेवलेलं असं टाकून जायचं मला पटत नव्हतं. "अण्णा, एक सांगायचंय."

"अक्का दाबत न्हाई, तेच न्हवं?"

मी ग्लास बाकावर ठेवला.

"गाडी गेली की दोन मिनिटांनी वाजते. रोज," अण्णा रुळांकडे बघत म्हणाले. "माणसाला तहान काय टाइमटेबलानं लागते? आणि ते सेल. दिवाळीच्या आधी घातलेले. बोलताना मोजतोय तरी खाली यायला तयार न्हाईत. खरी गरज असलेला माणूस टचकन दाबून सोडत न्हाई. कुणी येईपर्यंत हात काढत न्हाई. सेल मरायला पायजेत. हे जिवंत हायत."

"मग मी..."

"तुम्ही खाली जाता तेबी ठाऊक होतं. मी पेला उशाच्या डावीकडं ठेवतोय. आल्यावर उजवीकडं असायचा."

मी विचारलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर हा बाक गेला असता." त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "मला ही वीस मिनिटं पायजे होती, रोहिणीबाई. अक्का तिथं तहानलेली असणार, ओली पडलेली असणार, हे कळत असून मी हितं बसलो. तुमच्या जिवावर बसलो. तुम्ही म्हणजे आमचा हंडा होता. उद्यापासनं काय करायचं ते मला कळंना झालंय."

इतक्या दिवसांत मी त्यांना हसल्याशिवाय बोलताना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर संतापही आला. माझ्या सुटकेच्या दिवशीच त्यांनी मला हे सांगावं? राहा म्हणाले असते तर मी नाही म्हटलं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच ते म्हणाले नाहीत.

गाडी अजून दिसत नव्हती. आणि पेटी वाजली.

अण्णांनी खिशावर हात ठेवला. रोजच्यासारखी टचकन वाजून ती थांबेल म्हणून मी वाट पाहत होते. थांबेना. किर्रर्र आवाज चालूच राहिला, शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"हात काढंना झालीय," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. मग ते उठले आणि पळाले. साठीकडे झुकलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, एक चप्पल वाटेत निघाली ती तशीच टाकून, हातात अर्ध्या कॉफीचा ग्लास. निरोपबिरोप काही नाही. कॉफीवाला मागून ओरडत राहिला, "अण्णा, ग्लासु! ग्लासु!"

गाडी आली. मी बॅग कशीबशी चढवली आणि उजवीकडच्या खिडकीशी उभी राहिले. आमचं घर सिटीच्या बाजूलाच, रुळांना लागून. गाडीनं अजून वेग घेतलेला नव्हता. माझ्या गच्चीवरची एरियलची तार दिसली, तिच्याखाली अक्काची खिडकी. अण्णा खाटेवर वाकले होते. एक हात अक्काच्या मानेखाली आणि दुसऱ्या हातात तोच स्टेशनवरचा काचेचा ग्लास, तिच्या तोंडाला लावलेला. दोघांपैकी कुणीही गाडीकडे बघितलं नाही. मग भिंत आली.

महिनाभरानं पुण्याला त्यांचं कार्ड आलं. अक्षर बारीक, पत्त्यात पिन कोडसुद्धा बरोबर. 'अक्का आता गरज लागली की दाबते. बहुतेक मुनेश्वरापाशीच वाजते, तिथून परत फिरतो. सेल महिन्यात उतरले. पुरवठा उत्तम आहे, काळजी नसावी. चप्पल पोस्टमननं आणून दिली. कॉफीवाल्याचा ग्लास अजून आमच्याकडेच आहे.'